स्वाइन फ्लू... गेला कुठे?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या नातेवाईकांत हा प्रश्न हमखास निघतो. "तो स्वाइन फ्लू होता ना, त्याचं पुढे काय झालं हो?" जणू एखादा जुना भाडेकरू खोली सोडून गेलाय! मंडळी, तो गेलेला नाही. आपण त्याला घाबरायचं तेवढं सोडलंय.

२००९ चा ऑगस्ट आठवतो ना? पुण्यात एक १४ वर्षांची शाळकरी मुलगी गेली. या आजाराचा देशातला तो पहिला बळी. मग शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, मास्क मिळेनासे झाले, घरोघरी रुमालात कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या बांधल्या गेल्या. सरकारी नोंदीप्रमाणे त्या वर्षी देशात ९८१ मृत्यू झाले. पुढे २०१५ साली २,९९० आणि २०१७ साली २,२७०. पण २०१७ ची धावपळ आज कुणाला आठवते का, विचारून पाहा.

मला वाटतं, निम्मा गोंधळ नावाने केला. डुकराच्या नावाचा आजार म्हणजे आपला काय संबंध, असं वाटतं. प्रत्यक्षात तो माणसाकडून माणसाला होतो. खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून, किंवा तेच तुषार लागलेला हात नाका-तोंडाला लावल्याने. नीट शिजवलेल्या मांसातून तो होत नाही. १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक साथ संपल्याचं जाहीर झालं, पण हा एच१एन१ विषाणू दरवर्षीच्या साध्या फ्लूमध्येच सामील होऊन राहिला. आपण "व्हायरल आहे" म्हणून ज्याच्याकडे दुर्लक्ष करतो, त्या तापांत हाही असू शकतो.

मग लशीचे प्रश्न. दरवर्षी कशाला? कारण फ्लूचे विषाणू रूप बदलत राहतात, म्हणून लशीतही बदल करावा लागतो. लशीनेच फ्लू होतो का? नाही. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखतो, क्वचित एखादा दिवस कणकण येते, इतकंच. शंभर टक्के खात्री आहे का? तीही नाही. पण आजार बळावण्याचा, रुग्णालय गाठावं लागण्याचा धोका कमी होतो. परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून पाऊस सुरू होण्याआधी घेतलेली बरी.

एवढं सांगितलं की आमच्या वयाची मंडळी शेवटचं अस्त्र काढतात. थोरल्या जाऊबाई परवा फोनवर म्हणाल्याच, "अगं, आम्ही पिकली पानं, आम्हाला कशाला लस?"

इथेच माझं त्यांच्याशी पटत नाही. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास पाळणा हलायचाय. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्या बाळाला मांडीवर कोण घेणार? आपणच, पिकली पानं! आपला खोकला आपल्याला चार दिवसांचा असेल, त्या एवढ्याशा छातीला तो झेपायचा नाही. म्हणून आपण लस घ्यायची ती आपल्याबरोबर त्याच्यासाठीही.

"पोटुशी बाईला कसली सुई?" असंही कानावर येतं. धनुर्वाताची सुई आपण बिनतक्रार घेऊ देतो ना? गरोदरपणात फ्लू जास्त बळावतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनाही गर्भवतींना ही लस प्राधान्याने द्या असं सांगते. आईला मिळालेलं संरक्षण बाळालाही पहिले काही महिने पुरतं. आमच्या सूनबाईंनी डॉक्टरांना विचारून ती घेतली. घरात थोडी कुरबूर झाली, पण मी तिच्या बाजूने उभी राहिले.

आता सरकारला एक सांगणं. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात फ्लूची लस नाही. पेन्शनवर जगणाऱ्या दोघांना दरवर्षी स्वतःच्या खिशातून हा खर्च करणं जड जातं, आणि ज्यांना पेन्शनही नाही त्यांचं तर विचारूच नका. साठीच्या पुढच्यांना ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

तोवर ज्यांना परवडते त्यांनी तरी टाळाटाळ करू नये. आमच्याकडे बारशाला येणाऱ्या सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवते, बाळाला वाळे-बिंदल्या नाही आणल्या तरी चालेल, लस तेवढी घेऊन या. आणि त्या दिवशी सर्दी-खोकला असेल, तर आशीर्वाद फोनवरूनच द्या. राग मानायचा नाही, बरं का!