आंबडवे : हिरव्या रानाचा सातबारा

सुट्टी लागली की आपली पुष्कळ मंडळी चवदार तळे पाहायला महाडला जातात आणि तेथूनच परत फिरतात. त्यांना सांगणे एवढेच की, आणखी थोडे पुढे जा. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे परमपूज्य बाबासाहेबांचे मूळ गाव एकदा मुलाबाळांना दाखवा.

गाव लहान, आडवळणाचे. वळणावळणाचा रस्ता, तांबडी माती, जांभ्या दगडाचे गडगे, आंबा-काजूची झाडे. पावसाळ्यात खाचरांतून भात डोलते, उतारावर नाचणी. गाडी थांबली की फक्त पाखरांचा आवाज. चाळीच्या गलबल्यात राहणाऱ्या माणसाला ही शांतता आधी चुकल्यासारखी वाटते, मग हवीहवीशी होते. येथील स्मारकाला १२ फेब्रुवारी २०२२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनीही येऊन अभिवादन केले.

आंबडवेकर हे नाव या गावावरून आले; पण बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी दूर महूच्या छावणीत झाला. आजोबा मालोजी पलटणीत, वडील सुभेदार रामजीही पलटणीत. इतके सुंदर गाव सोडून माणसे पलटणीत का गेली, असे मुले विचारतील. विचारू द्या, आणि खरे उत्तर द्या.

रान हिरवे होते, पण ते आपले नव्हते. एकीकडे अस्पृश्यता, दुसरीकडे खोती. खोत सरकारचा सारा वसूल करी आणि गावाचा मालक होऊन बसे. कुळाने चिखलात राबायचे, पिकाचा वाटा खोताच्या घरी पोचवायचा, वर वेठही करायची. निसर्ग पोट भरत नाही. हातात जमीन असावी लागते. म्हणूनच बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. खोती संपवणारा कायदा पुढे १९४९ साली झाला.

आता आपल्याकडे पाहू. कोकणातली आपली कितीतरी घरे आज कुलूपबंद आहेत. माणसे मुंबई-ठाण्याला, गावी दोन-चार गुंठे आणि पडकी भिंत. सातबारावर अजून आजोबांचेच नाव! आजोबा जाऊन वीस वर्षे झाली तरी वारस नोंद नाही. मग एखादा दलाल येतो, एका भावाला गाठतो आणि घरात भांडण लावून जातो.

वारस नोंदीला वकील लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे लिहिलेला अर्ज तलाठ्याकडे द्यावा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवावे असा नियम आहे. राहून गेले असेल तर आता द्या. अर्जाची पोच घ्या, फेरफार क्रमांक टिपून ठेवा. आणि बहिणींची नावे गाळू नका. कायद्याने त्याही वारस आहेत.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आंबडव्याला जरूर जा. डबा खाल्लात तर कागद-पिशव्या परत आणा. आणि तेथून निघालात की आपल्याही गावी एक दिवस थांबा. घराचे कुलूप उघडा, अंगण झाडा, सातबाराचा उतारा काढा आणि तो मुलांना वाचून दाखवा.

जयभीम!