रोजची इंग्रजी : हॉटेलचे बिल



भाच्याचा वाळूजच्या कारखान्यातला पहिला पगार झाला. "मावशी, आज चूल बंद," म्हणाला. आम्ही पाचजण जालना रोडवरच्या एका एसी हॉटेलात गेलो. जेवण झाले, वेटरने बिल आणले. खाल्ले १२०० रुपयांचे, द्यायचे १३८६! आयटीआय झालेला पोरगा कागदाकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे. विचारले तर शेजारच्या टेबलावरचे हसतील, या धाकाने गुपचूप पैसे मोजले.

घरी मुलीने बिल उलगडून दाखवले. 'सर्व्हिस चार्ज' दहा टक्के, म्हणजे १२० रुपये. त्याखाली सीजीएसटी आणि एसजीएसटी, प्रत्येकी अडीच टक्के, मिळून ६६. जीएसटी हा सरकारचा कर, तो भरावा लागतो. सर्व्हिस चार्ज मात्र हॉटेलवाल्याचा. तो बिलात परस्पर लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावले. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ते उचलून धरले. तो नसता तर बिल १२६० झाले असते. १२६ रुपये आमच्या गप्प बसण्याचे गेले.

आमच्या वडिलांना गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी असे, तीही स्वतः विसळून ठेवायची. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये हॉटेलचा उल्लेख स्पष्ट आहे, तो उगीच नाही. आता खुर्चीवर बसतो, पण बिल वाचताना मान खाली जाते.

तर ही वाक्ये पाठ करा. बिल मागताना, "बिल, प्लीज." एवढे पुरे. एखादी रक्कम कळली नाही तर बोट ठेवून, "व्हॉट इज धिस फॉर?" न मागवलेला पदार्थ लावला असेल तर, "वी डिड नॉट ऑर्डर धिस." आणि मुख्य वाक्य, "प्लीज रिमूव्ह द सर्व्हिस चार्ज." ऐकले नाही तर, "प्लीज कॉल द मॅनेजर." तरीही अडले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मराठीतून विचारले तरी हक्क तोच. पण बिल इंग्रजीत छापलेले असते, आणि वेटर पुष्कळदा परप्रांतातला. त्याच्यावर मात्र आवाज चढवू नका. तोही पगारावरच राबतो, बिल त्याने बनवलेले नसते. द्यावेसे वाटले तर दहा-वीस रुपये त्याच्या हातात द्या.

आमच्याकडे रोज रात्री सराव चालतो. धाकटी वेटर होते, किराण्याची पावती ताटलीत ठेवून आणते आणि मुद्दाम चूक करते. आजीने परवा चष्मा लावून विचारले, "व्हॉट इज धिस फॉर?" धाकटीला उत्तर देता आले नाही.

पुढील अंकी : बँकेतली इंग्रजी.