शेअर की नुसता मुक्काम?

गेल्या मे महिन्यात माझी धाकटी नणंद तलासरीहून डहाणूला आमच्याकडे आली, ती प्लॅस्टिकची फाइल छातीशी धरूनच. "वहिनी, आमचे शेअर विकायचेत. पोरीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनला पैसे लागतायत," म्हणाली.

मी फाइल उघडली. गुळगुळीत कागद, सोनेरी किनार, समुद्राचा फोटो आणि वर 'सदस्यत्व प्रमाणपत्र' असे शब्द. शेअर कुठेच नव्हता! पावणेदोन लाख रुपये भरून तिने काय घेतलं होतं, तर पंचवीस वर्षं, दरवर्षी सहा रात्री रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क.

पैसे आले होते बुलेट ट्रेनमध्ये गेलेल्या सासरच्या जमिनीच्या तुकड्याचे. हायवेवरच्या एका हॉटेलात नवराबायकोला बोलावलं, चहा-नाश्ता दिला, भेटवस्तू दिली आणि सांगितलं, "तुम्ही आता रिसॉर्टचे भागीदार." सही करण्याआधी तिने मला फोन केला होता. कागद न बघताच मी म्हटलं होतं, "कंपनी मोठी दिसतेय, घे." म्हणून आजचा हा लेख लिहिताना माझीही मान खालीच आहे.

मैत्रिणींनो, आपल्या भागात बुलेट ट्रेनसाठी आणि मुंबई-वडोदरा एक्स्प्रेसवेसाठी जमिनी गेल्या. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. मोबदल्याचा पैसा जिथे येतो, तिथे योजना विकणारेही मागोमाग येतात. तेव्हा हा फरक आत्ताच समजून घेऊ या.

आपल्या चिकूच्या वाडीचंच बघा ना. मालक हंगामाचं फळ ठेक्याने देतो. ठेकेदार पैसे मोजतो, फळ उतरवतो, विकतो. पण सातबाऱ्यावर त्याचं नाव लागत नाही. वाडी त्याला विकता येत नाही. जमिनीचा भाव वाढला तर फायदा मालकाचा. शेअर घेणारी बाई मालकाच्या बाजूला असते, रिसॉर्टची मेंबर ठेकेदाराच्या बाजूला.

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा बारीकसा तुकडा. कंपनीने लाभांश जाहीर केला तर तो मिळतो, सभेत मत देता येतं, कंपनी बाजारात नोंदलेली असेल तर त्या दिवशीच्या भावाने विकता येतो. मात्र भाव पडला तर नुकसानही आपलंच. कंपनी बुडाली तर आधी सगळी देणी भागतात, शेअरवाल्यांचा नंबर शेवटी. तेव्हा शेअर म्हणजे हमखास फायदा, असंही मनात धरू नका.

मेंबरशिपमध्ये मालकी नसते, वापर असतो. ठरावीक वर्षं, ठरावीक रात्री, तेही त्या हंगामात खोली शिल्लक असेल तर. वर दरवर्षी देखभालीची वर्गणी, मग तुम्ही जा किंवा जाऊ नका. लाभांश नाही, मत नाही. दुसऱ्याला द्यायची तर कंपनीच्या अटींवर, आणि गिऱ्हाईक आपणच शोधायचं.

एकाच कंपनीत या दोन्ही गोष्टी कशा असतात बघा. महिंद्रा हॉलिडेजची मेंबरशिप लोक घेत होतेच. २००९ मध्ये कंपनीने ३०० रुपयांना एक असे शेअर विक्रीला काढले. मेंबर झाली म्हणून कोणी शेअरहोल्डर होत नाही, आणि शेअर घेतला म्हणून दरवर्षीचा हक्काचा मुक्काम मिळत नाही. नाव एक, पण कागद दोन, हक्क दोन. ज्यांना दरवर्षी फिरायला जायचंच आहे, त्यांनी हिशेब करून मेंबरशिप घेतली तर त्यात वावगं काही नाही.

गडबड होते ती वापराचा हक्क गुंतवणूक म्हणून गळ्यात मारला जातो तेव्हा. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्सचं प्रकरण आठवतं का? हॉटेलातल्या 'रूम नाइट्स' विकायच्या, आणि राहायला गेला नाहीत तर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत, असं सांगायचं. कंपनीचं म्हणणं, आमचा हॉटेलचा धंदा आहे. 'सेबी'ने मात्र ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ७,०३५ कोटी रुपये परत करायला सांगितलं. पैसे भरणारे होते एक्कावन्न लाखांहून जास्त! त्यांच्या हातात ना शेअर होता, ना बँकेची ठेव.

वापराचा हक्क म्हणजे कमी प्रतीचा, असंही नाही हं. तलासरीत कितीतरी घरांत वनपट्टा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला हा हक्क विकता येत नाही, पण तो वारसांकडे जातो आणि नवराबायको दोघांच्या नावावर असतो. ती जमीन घराला पोसते. आपल्या हातात नेमका कोणता हक्क आहे, एवढं ठाऊक असलं की पुढचे हिशेब चुकत नाहीत.

नणंदेचा हिशेब इथेच चुकला. करार वाचला, तर पैसे परत मागायची मुदत केव्हाच उलटलेली. ॲडमिशनसाठी शेवटी बांगड्या गहाण ठेवल्या. 'भागीदार' असं सांगून विकलं, म्हणून आम्ही कंपनीला लेखी तक्रार पाठवली आहे, उत्तर अजून नाही. आता ग्राहक आयोगाकडे जायची तयारी चालू आहे. नव्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, मात्र दोन वर्षांच्या आत. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

तुमच्याकडे कोणी असा कागद घेऊन आलं, तर त्याच दिवशी सही करू नका. कागद घरी आणा आणि चार गोष्टी विचारा. हा शेअर आहे की मेंबरशिप? शेअर असेल तर माझ्या डीमॅट खात्यात दिसेल का? मेंबरशिप असेल तर दरवर्षी वर किती भरायचं? आणि उद्या पैशांची नड आली तर हे कोण, किती रुपयांना विकत घेईल? उत्तरं तोंडी नकोत, लिहून मागा. आणि हो, फोनवर विचारलं तर माझ्यासारखं "घे" म्हणणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. आधी त्यांच्या हातात कागद द्या.