भिंत मालकाची, श्वास आपला

मे महिना म्हणजे आपल्याकडे लग्नांचा, लोणच्यांचा आणि बदल्यांचा महिना. बँकेतल्या, शाळेतल्या, वीज कंपनीतल्या लोकांचे बदलीचे हुकूम निघतात आणि गावातून सामानाचे टेम्पो फिरू लागतात. भाड्याचे घर ठरले की पहिली चौकशी पाण्याची, दुसरी डिपॉझिटची आणि तिसरी रंगाची. गेल्या पंधरवड्यात दवाखान्यात दोघा-तिघांनी मला विचारले, 'डॉक्टर, मुलांच्या खोलीला कोणता रंग चांगला? निळ्याने झोप लागते म्हणतात, लाल रंगाने बीपी वाढतो म्हणतात, खरे का?'

या प्रश्नाचे उत्तर मी शेवटी देतो. कारण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो सहसा कोणी विचारत नाही. त्या भिंतीला ओल आहे का?

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एक बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) रात्री दोन-तीन वाजता खोकल्याची उबळ, छातीत सूं-सूं आवाज, सकाळी पुन्हा ठीक. आजोळी गेला की आठ दिवस खोकत नाही, घरी आला की दुसऱ्या रात्री सुरू. दोन डॉक्टरांची औषधे झाली होती. मी म्हणालो, 'ताई, झोपायची खोली कशी आहे ते सांगा.' त्यांनी मोबाइलवर फोटोच दाखवला. मोठ्या हौसेने सजवलेली खोली. एक भिंत गर्द निळी, तिच्यावर चंद्र-चांदण्यांचे स्टिकर आणि पलंगाच्या मागे खालून चार फुटांपर्यंत विटांच्या नक्षीचे चिकटवायचे फोमचे पत्रे. मी विचारले, 'हे पत्रे का लावलेत?' त्या म्हणाल्या, 'तिथे पोपडे निघत होते ना, म्हणून झाकले.'

घरी जाऊन त्यांनी एक पत्रा उचकटला. मागची भिंत काळी-हिरवी झाली होती आणि कुबट वास येत होता. पोराचे डोके रोज रात्री त्या भिंतीपासून वीतभर अंतरावर असायचे.

मी त्या बाईंना दोष दिला नाही, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे, आणि तीही एमबीबीएसची पाटी दाराला लावून. २००० साली आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. उत्तरेकडच्या भिंतीला लोणा लागला होता. घरमालक म्हणाले, उन्हाळ्यात बघू. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून मी त्या भिंतीला मोरपंखी ऑइलपेंट मारून घेतला. रंग देणारे चाचा सत्तरीचे होते. ते म्हणाले, 'डॉक्टरसाहेब, भिंतीला ताप आहे. वरून पावडर लावून काय होणार?' मी हसलो. पुढचे दोन पावसाळे माझ्या मुलीच्या छातीतली घरघर थांबली नाही आणि मी तिला सिरप पाजत राहिलो. घर बदलल्यावर तिचा त्रास निम्म्यावर आला. चाचांनी पाच मिनिटांत ओळखलेला रोग मला दोन वर्षे दिसला नाही.

ओल नेमके काय करते?

भिंतीत पाणी तीन वाटांनी येते. वरून, म्हणजे गच्ची किंवा वरच्या मजल्याच्या न्हाणीतून. बाजूने, म्हणजे फुटलेला पाइप किंवा भेगाळलेला गिलावा यांतून. आणि खालून, जोत्यातून वर चढून. ओल्या गिलाव्यावर बुरशी धरते. बुरशीचे बीज डोळ्यांना दिसत नाही, ते हवेत तरंगते आणि श्वासावाटे आत जाते. ज्याच्या श्वासनलिका मुळात नाजूक आहेत, त्याला त्याने सर्दी, शिंका, रात्रीचा खोकला, दमा असा त्रास होतो. घरातली ओल आणि बुरशी यांचा दम्याशी व श्वसनाच्या इतर तक्रारींशी संबंध आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालच्या आपल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे. प्रत्येक खोकला बुरशीचाच असतो असे नव्हे. पण पावसाळ्यात वाढणारा, रात्री येणारा आणि घर सोडल्यावर थांबणारा खोकला असेल, तर औषधाच्या बाटलीबरोबर भिंतीकडेही पाहावे.

इथे जुन्या चुन्याच्या सफेदीची आठवण होते. ती हाताला लागायची, कपडे पांढरे करायची, म्हणून आपण तिला हद्दपार केले. पण चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्यावर बुरशीला सहज पाय रोवता येत नाही. शिवाय चुन्याच्या थरातून भिंतीतला ओलावा बाहेर निघून जातो. ऑइलपेंट किंवा प्लास्टिकचा कागद लावला की तो आत कोंडतो. काही महिन्यांनी रंगाला फुगे येतात, फुगे फुटतात, आणि आपण रंगाच्या कंपनीला नावे ठेवतो.

एक सोपी परीक्षा सांगतो. फूटभर चौकोनी प्लास्टिकचा कागद संशयित भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला दव दिसले तर पाणी भिंतीतून येत आहे, ते मालकाने बंद करायचे. खोलीकडच्या बाजूला दिसले तर खोलीतली हवा कोंदट आहे. तिथे कपडे वाळत घालणे थांबवून खिडकी उघडायला हवी, आणि ते काम आपले.

जुना रंग खरवडताना

दुसरा धोका रंगातल्या शिशाचा. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये, त्यातही पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या छटांत, शिशाचे क्षार सर्रास वापरत. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त शिसे असण्यास बंदी आहे आणि तसे डब्यावर छापावे लागते. पण जुन्या वाड्यांची दारे, खिडक्या आणि गज यांच्यावरचे थर त्याआधीचे आहेत. ते कोरड्या पॉलिशपेपरने घासले की बारीक धूळ जमिनीवर बसते आणि रांगणारे मूल ती बोटांबरोबर तोंडात घालते. शिशामुळे पोट दुखते, रक्त कमी होते आणि सर्वांत वाईट म्हणजे मुलाची वाढती बुद्धी खुंटते. शिशाचे सुरक्षित म्हणावे असे कोणतेही प्रमाण नाही. म्हणून असा रंग ओला करून घासावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे आणि नंतर फरशी झाडू नये, ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसावी. नवा रंग घेताना डब्यावरचा मजकूर वाचावा. सुटा, बिननावाचा रंग स्वस्त पडतो, पण घेऊ नये.

ताज्या ऑइलपेंटचा आणि टर्पेंटाइनचा वासही निरुपद्रवी नसतो. डोके दुखते, मळमळते, दमेकऱ्याला धाप लागते. आज रंग आणि उद्या गृहप्रवेश हा आपल्याकडचा रिवाज सोडायला हवा. पाण्यात मिसळायचे रंग त्या मानाने बरे, पण तेव्हाही खिडक्या उघड्या ठेवून चार-सहा दिवस जाऊ द्यावेत.

सजावटीची हौस

आता हौसेबद्दल. भाड्याच्या घरात कशाला एवढे, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. घर अकरा महिन्यांचे असले तरी आयुष्यातले अकरा महिने तिथेच जायचे असतात. फक्त हौस भिंत झाकणारी नसावी. भिंतीला चिकटणाऱ्या वस्तूंपेक्षा टांगायच्या वस्तू घ्याव्यात. सुती पडदा, चटई, तसबीर, रंगीत चादर यांनी खोली उजळते, त्या धुता येतात आणि पुढच्या गावी नेता येतात. कपाट आणि पलंग भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावेत, म्हणजे मागे हवा खेळते. फोमचे पत्रे गॅसच्या शेगडीमागे तर कधीच लावू नयेत, ते पेट घेतात.

आणि तो मनीप्लांट! काचेच्या बाटलीत पाणी घालून खिडकीत ठेवलेला मनीप्लांट हे डेंग्यूच्या डासाचे आवडते बाळंतघर आहे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा पाणी बदलाच, पण बाटली आतून घासाही, कारण अंडी काचेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत असतात. कुंडीखालच्या ताटलीलाही हाच नियम.

आता सुरुवातीचा प्रश्न. १९७९ साली अमेरिकेत सिॲटलच्या नौदलाच्या कैदखान्यात एका कोठडीला विशिष्ट गुलाबी रंग दिला आणि कैदी शांत झाले, अशी मोठी बातमी झाली होती. पुढच्या काटेकोर चाचण्यांत ते टिकले नाही. लाल भिंतीने रक्तदाब वाढत नाही. तो मिठाने, वजनाने, तंबाखूने आणि गोळ्या मनाने बंद केल्याने वाढतो. रंगाचा आरोग्याशी खरा संबंध आहे तो उजेडाचा. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८० टक्के परत फेकते, गर्द निळी किंवा तपकिरी भिंत जेमतेम १० टक्के. आपल्या गावातल्या भाड्याच्या खोल्यांना बहुधा एकच खिडकी असते. तिथे पांढरा, मलई, फिका पिवळा असेच रंग हवेत. डासांनाही अंधारे कोपरे आवडतात. घरात वृद्ध असतील तर आणखी एक गोष्ट करा. साठीतल्या डोळ्यांना विशीतल्या डोळ्यांच्या दुपटीहून जास्त उजेड लागतो, आणि मोतीबिंदू असेल तर विचारूच नका. न्हाणीच्या उंबऱ्याला आणि पायरीच्या कडेला गडद रंगाचा दोन बोटांचा पट्टा ओढा. खुब्याचे हाड मोडलेले आजोबा मी पाहतो तेव्हा मला तो न ओढलेला पट्टा आठवतो.

मालक आणि भाडेकरू

त्या निळ्या खोलीचे घरमालकही माझेच पेशंट आहेत. साखर तपासायला आले तेव्हा मी विषय काढला. ते म्हणाले, 'डॉक्टर, हे लोक अकरा महिन्यांनी जाणार. खिळे ठोकून भिंतीची चाळण करतात, जाताना रंगाचे पैसे कापले तर भांडतात. मी पेन्शनर माणूस, किती घालू?' त्यांचे म्हणणे खोटे नाही. भाडेकरूही घर आपले समजून वापरत नाहीत आणि तक्रार वेळेवर करत नाहीत. पण रंग आणि ओल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंग ही भाडेकरूची हौस असू शकते. गळका पाइप ही मालकाची जबाबदारी आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ मध्ये, वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक केले आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतचा खर्च वळता करू शकतो. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्समध्ये मात्र करारात काय लिहिले आहे त्यावर सगळे अवलंबून. म्हणून सही करण्याआधी 'गळती व ओल यांची दुरुस्ती मालक करेल' हे एक वाक्य घालून घ्या. त्यासाठी वकील लागत नाही.

माझे तर मत आहे की घर दाखवताना मालकाने ओल कुठे आहे हे सांगितले पाहिजे आणि भाडेकरूने ती विचारली पाहिजे. आपण नळाला पाणी किती वाजता येते ते विचारतो, मग भिंतीला पाणी कुठून येते ते विचारायला संकोच कशाला?

त्या मुलाला मी पंप सुरू केला. (पंपाची सवय लागते ही भीती चुकीची आहे, दम्यात तोच कमीत कमी औषधात काम करतो.) पलंग दुसऱ्या खोलीत हलवला, पत्रे काढले. भिंत साबणाच्या पाण्याने, तोंडाला फडके बांधून पुसली. (ब्लीचिंगच्या पाण्यात ॲसिड मात्र कधी मिसळू नये, विषारी वायू निघतो.) महिनाभरात पोरगा रात्रभर झोपू लागला. मार्चमध्ये वडिलांची बदली झाली आणि ते लोक गेले.

परवा त्या रस्त्याने जाताना दिसले, घराला नवा रंग दिला आहे. आतली ती भिंत आता फिकी गुलाबी झाली आहे, छान दिसते. पाइप तसाच आहे. नवे भाडेकरू पुढच्या आठवड्यात येणार, त्यांची मुलगी आठ महिन्यांची आहे.

पावसाला अजून तीन-चार आठवडे आहेत. भिंत वाळायला उन्हाचे एवढे दिवस पुरतात. हा अंक त्या मालकांच्या घरी जातो हे मला माहीत आहे. काका, पाइप तेवढा बदलून घ्या. साखर तपासायला याल तेव्हा मी विचारणार आहे.