हुकमी दारूबंदी कोणाला मोठे करते?

संपादक महाशय,


भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे दोन्ही तालुके सरकारी हुकमाने संपूर्ण कोरडे करावेत, असे प्रतिपादन करणारे जे पत्र आपण प्रसिद्ध केले, त्यामागील तळमळ मला सर्वस्वी मान्य आहे; कर्ता पुरुष दारूपायी गेल्यावर घराची जी दैना होते ती मी गुंजवणी आणि वेळवंडीच्या खोऱ्यांत डोळ्यांनी पाहिली आहे. परंतु सुचविलेला उपाय याच राज्यात एकदा अमलात आला होता, आणि त्याने काय निपजविले याचे विस्मरण होणे धोक्याचे आहे.

1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यान्वये 1950 पासून मुंबई राज्य कोरडे झाले. तहान मात्र कायद्याने आटली नाही. तुतिकोरिनकडून पोटासाठी आलेला आणि बोरीबंदर स्थानकावर हमाली करणारा वरदराजन मुदलियार याच काळात गूळ आणि नवसागराच्या हातभट्टीच्या धंद्यात शिरला, आणि धारावी, माटुंगा, अँटॉप हिल या वस्त्यांचा अनभिषिक्त अधिपती होऊन बसला. त्याच्या अंगी कर्तृत्व होते, गोरगरिबांच्या अडीअडचणीस तो धावून जाई, माटुंग्याचा त्याचा गणेशोत्सव डोळे दिपविणारा असे, हे सारे खरे; पण त्या औदार्याचा पैसा मजुरांच्या पोटात गेलेल्या गावठीचाच होता, आणि हप्त्याने मिंधे झालेले शिपाई व अंमलदार हा त्याच्या सत्तेचा खरा पाया होता. साठच्या दशकात परवान्यांची पद्धत सैल झाली तरी तो ढळला नाही. ऐंशीच्या दशकात पोलीस अधिकारी यादवराव पवार यांनी नेटाने पाठपुरावा केला तेव्हा कुठे त्याने मुंबई सोडली. 1988 मध्ये तो मद्रासला वारला. अमेरिकेतही 1920 ते 1933 या दारूबंदीच्या काळातच शिकागोचा अल कपोन उदयास आला, आणि अखेर त्याला शिक्षा झाली ती प्राप्तिकर बुडविल्याबद्दल.

आपल्याकडील ओढ्याकाठच्या भट्टीवर छापा पडतो, रसायन ओतून दिले जाते, मुद्देमालाचा पंचनामा होतो आणि काही दिवसांनी दोन वळणे वर पुन्हा धूर निघतो. पकडला जातो तो भट्टीवर राबणारा. गूळ पुरविणारा व जामीन भरणारा दप्तरात कुठेच नसतो. सरसकट बंदीच्या हुकमाने मोठा होणार तो हाच माणूस.

मग दारू मोकाट सोडावी काय? मुळीच नाही. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, तेव्हा शहरात परवान्याची दुकाने उघडीच होती. म्हणजे केवळ परवाना हाही उतारा नव्हे. मात्र गावातील एकचतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान होते, आणि मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांची मते ‘आडव्या बाटली’ला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, पडल्यास परवान्याचे दुकान बंद करावे लागते, ही तरतूद आपल्याच राज्यात आहे. ज्या गावाने स्वतः बाटली आडवी केली, ते गाव ओढ्यातल्या भट्टीवरही नजर ठेवील. वरून आलेल्या हुकमासाठी कोणी रात्र जागत नाही.

म्हणून पत्रलेखकांना माझी विनंती आहे की, मंत्रालयाकडे निवेदन धाडण्याआधी त्यांनी आपल्या गावच्या भगिनींच्या सह्या गोळा कराव्यात. आणि उत्पादन शुल्क खात्याने प्रत्येक छाप्यानंतर गूळ व नवसागर कोठून आला याचा तपास करून तो ग्रामसभेपुढे ठेवावा.

कळावे,
आपला नम्र,
भोर येथील एक वाचक