बालदी कोण उखलता?

परवा आमच्या सेक्शनमध्ये चहाच्या वेळी नारळाच्या भावावरून विषय निघाला आणि मग एकेक जण आपापल्या घरच्या काटकसरीच्या युक्त्या सांगू लागला. एक जण टूथपेस्टची ट्यूब चपटी झाली की कात्रीने मधोमध कापतो, म्हणे आणखी आठवडाभराची पेस्ट निघते. दुसऱ्याकडे लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर सामानाच्या याद्या होतात. आमचे हेडक्लार्क अंगाच्या साबणाची उरलेली चकती नव्या वडीला चिकटवतात आणि त्याचंही एक शास्त्र आहे (दोन्ही भिजवायच्या नाहीत, नुसत्या ओल्या करून दाबायच्या!). माझी पाळी आली तेव्हा मी नेहमीसारख्या आईच्या गोष्टी काढल्या. गेली वीस वर्षं त्या सांगतोय आणि दर वेळी त्या खपतात. या खेपेला मात्र सांगता सांगता मध्येच अडखळलो. का, ते लिहायला बसलोय.

आईच्या गोष्टी म्हणजे फोंडा तालुक्यातलं आमचं जुनं घर, बाबांचा एका दुकानातल्या हिशेबनिसाचा पगार आणि आम्ही चार भावंडं. नारळ फोडला की त्यातलं काही म्हणता काही वाया जायचं नाही. पहिला रोस काढला की चोथा पुन्हा रगड्यावर, मग दुसरा रोस, आणि उरलेला चोथा शेजारच्या गाईला. करवंट्या चुलीत, सोडणां न्हाणीत भाणाखाली, थोडा काथ्या भांडी घासायला, चुडतांच्या हिरांची सारण. तांदळाच्या धुवणाने अळू वाढायचं. भिरंडांच्या सालींची सोलां व्हायची हे सगळ्यांच्याच घरी, पण आई बियासुद्धा टाकत नसे. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारं भिरंडेल काढायची आणि त्याचा गोळा पावसाळ्यात भेगाळलेल्या टाचांना चोळायला ठेवायची. जुन्या साड्यांची वाकळ. दुधाच्या पिशव्या धुऊन कपड्यांबरोबर दोरीवर वाळत. जळलेली काडी पेटीतच परत, का तर एका शेगडीवरून दुसरी पेटवताना नवी काडी लागायला नको. काही फेकायला गेलं की मागून आवाज ठरलेला, "उडोव नाका रे, लागतलें केन्नाय!"

पावसाच्या तोंडावर पुरुमेंत. हा शब्दच पोर्तुगीजांकडून आपल्याकडे राहिलेला. चार महिन्यांची बेगमी म्हणजे मीठ, चिंचेचे गोळे, मिरच्या, सुकी मासळी, उकडे तांदूळ. मडगावला त्या दिवसांत चर्चजवळ पुरुमेंताचं फेस्त भरतं. बाबा एकदा तिथे मिरच्यांचा भाव करून आले ते आईला पटलं नाही म्हणून ती स्वतः दुसऱ्या दिवशी बसने गेली होती. असो.

या सगळ्यांत सर्वांत जास्त खपणारी गोष्ट सिलिंडरची. १९९०च्या सुमारास आमच्याकडे गॅस आला. पण गॅस फक्त चहाला आणि पाहुण्यांना. भात, कडधान्यं, आंघोळीचं पाणी चुलीवरच. एक सिलिंडर चार-चार महिने पुरायचा आणि बाबा हे आल्यागेल्याला अभिमानाने सांगायचे. पुढे मीही सांगू लागलो.

आता मधली एक गोष्ट. २०२१च्या सप्टेंबरपासून सरकारने महिन्याला १६ हजार लिटरपर्यंत पाणी मोफत देण्याची योजना सुरू केली, तेव्हा मी घरी एकदम उत्साहात आलो. बसल्या बसल्या आराखडा तयार केला. वॉशिंग मशीनमधून निघणारं पाणी बालद्यांत धरायचं आणि संडासात वापरायचं, भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना. कागदावर तक्ता काढून फ्रिजवर लावला. दोन महिने बिलावर नजर ठेवून मी खूश. तिसऱ्या महिन्यात बायको तक्त्यासमोर उभी राहून शांतपणे म्हणाली, "आनी ती बालदी कोण उखलता?"

मी हसण्यावारी नेलं. भरलेली बालदी म्हणजे पंधरा-वीस किलो. मशीन लागायची ती मी ऑफिसला गेल्यावर. म्हणजे बचत माझी आणि पाठ तिची. पण हे गणित तेव्हा मी मांडलं नाही. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासणारा माणूस मी, घरचं बिल मात्र एका बाजूनेच वाचत होतो.

ते मांडावं लागलं २०२३च्या पावसाळ्यात. आई तोवर पर्वरीला आमच्याकडे राहायला आली होती आणि तिचा खोकला काही केल्या थांबेना. चार पायऱ्या चढली की धाप. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावून तपासणी केली आणि विचारलं, कधी विडी-सिगारेट? आई हसली. मग त्यांनी विचारलं, चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला? आईने माझ्याकडे बघितलं आणि अगदी हिशेबी आवाजात विचारलं, "न्हाणयेची धरून काय ती सोडून?"

सीओपीडी. श्वासनळ्या अरुंद होतात आणि पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत. तंबाखू न ओढणाऱ्या बायकांना हा आजार होण्याचं आपल्या देशातलं मोठं कारण म्हणजे लाकूड-शेणीचा धूर. मी तिथे बसून ते चार महिने पुरणारे सिलिंडर मोजत होतो.

पुढे ऐका. तिला श्वासावाटे ओढायचा पंप दिला. सकाळी दोन, रात्री दोन. एका पंपात १२० मात्रा, म्हणजे बरोबर ३० दिवस. आमच्याकडे तो दोन महिने पुरायला लागला आणि मी, तिचाच मुलगा, भावाला फोनवर काय सांगितलं असेल? "आईचं औषध बघ, दोन महिने जातं!" नंतर एकदा पंपाच्या मागच्या खिडकीतला आकडा बघितला तेव्हा माझ्यातला कारकून जागा झाला. विचारलं तर म्हणाली, "दोनांच्या जाग्यार एक घेतलें जाल्यार चलता. म्हारग तें."

मी चिडलो, ओरडलोही. पण खरं सांगू? तिला हे शिकवलं कुणी? चाळीस वर्षं आम्ही सगळ्यांनी तिला याच कामाची शाबासकी दिली होती.

म्हणून मला आता काटकसरीच्या युक्त्या ऐकताना पहिला प्रश्न पडतो तो हा, की यात खर्च कुणाचा होतोय. ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिटं होतात, त्या जागी ९ वॅटचा एलईडी लावला तर दीड युनिटसुद्धा होत नाही. ही बचत कुणाच्या हाडांतून निघत नाही. साबणाची चकती, लग्नपत्रिका, टूथपेस्ट, सगळं मला मान्य आहे, आवडतंही. पण रगड्यावर दुसऱ्यांदा वाटलेला चोथा, धुरात उकळलेलं पाणी, मडगावच्या दोन बसफेऱ्या यांत वाचलेल्या रुपयाच्या बदल्यात काय गेलं ते कुठल्याच वहीत नाही. अंदाजपत्रकात ज्याला शीर्ष नाही तो खर्च झालाच नाही असं आम्ही कारकून धरून चालतो. आपल्या सरकारने २०१२ साली गृह आधार सुरू केली तेव्हा गृहिणीच्या नावाने महिन्याला हजार रुपयांचं शीर्ष तरी उघडलं. आमच्या घरात तेवढंही नव्हतं.

तुमच्यातले काही म्हणतील, त्या काळी दुसरा इलाज काय होता? चार मुलं, एक पगार. खरं आहे, आणि म्हणून मी बाबांना दोष देत नाही. पण गॅस घरात आल्यानंतरची चूल ही गरिबी नव्हती, ती सवय होती, आणि ती आम्हा बाकीच्यांना सोयीची होती. माझ्या पिढीने मराठी शाळेत "श्यामची आई" ऐकून रडायचं शिकलं. रडून झाल्यावर उठून मागच्या दारची लाकडं आत आणून ठेवायला काय हरकत होती? मी आणली असतील, वर्षातून दोनदा. माझ्या बहिणींना विचारा.

आता आमच्याकडे मशीन संध्याकाळी सातनंतर लागते, मी घरी आल्यावर. बालद्या मी नेतो, रविवारी मुलगा. फ्रिजवरचा तक्ता बायकोने काढून टाकला, कुठे ठेवला विचारलं तर त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब चालू आहे! आणि गंमत म्हणजे स्वतः उचलायला लागल्यापासून माझ्या बालद्या सहाच्या चार झाल्यात.

आईचा पंप मी दर रविवारी तपासतो. गेल्या रविवारी बारा दिवस झाले होते, आकडा ७२ हवा होता. होता ७६. मी खिडकी तिच्यासमोर धरली.

"काल मात्शें बरें दिसलें म्हूण," ती म्हणाली, आणि दुधाची धुतलेली पिशवी माझ्या हातात दिली, दोरीवर घालायला.