हवेतल्या ठोशांनी मुली सुरक्षित होतील?

सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेतून ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ चालतं. मुदत तीन महिने. अशा वर्गांत मैदानावर रांगा लागतात, शिट्टी वाजते आणि सगळे ठोसे एकदम हवेत जातात. समोर मात्र कुणीच नसतं.

छेड काढणारा पुष्कळदा आधी धरतो: मनगट, केस, ओढणी. तिथे हाताला लांब झेप घ्यायला जागाच उरत नाही. म्हणून ठोसा की फेक, या जुन्या वादात शाळकरी मुलींपुरतं तरी झुकतं माप पकडीच्या विद्येला द्यायला हवं.

त्याचं कारण सरावात आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत ज्यूदो सुरू केला, तेव्हा जुजुत्सू या जुन्या युद्धविद्येतले प्रहार त्यांनी ठरीव हालचालींच्या ‘काता’पुरते ठेवले आणि मोकळ्या लढतीतून काढून टाकले. त्यामुळे शिष्यांना सगळी ताकद लावून एकमेकांशी रोज झुंजता आलं. आपल्या तालमीही हेच करत आल्या आहेत. १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव याच मातीतले. कुस्तीतला ढाक हा डाव मारायचा तर समोरच्याचा तोल कधी सुटतो हे हाताला कळावं लागतं, आणि ते कळायला जोर लावून अडवणारा जोडीदार लागतो. नाकावर पूर्ण ताकदीचा ठोसा मारण्याचा सराव मैत्रिणीवर रोज कसा करणार?

अशा सरावाचं फळ लढतीतही दिसलं. डेन्व्हरमध्ये १९९३ साली झालेल्या, वेगवेगळ्या युद्धकलांचे लढवय्ये समोरासमोर आणणाऱ्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत रॉयस ग्रेसी या सडपातळ ब्राझिलियनाने एका रात्रीत तिघांना पकडीत घेऊन हरवलं. त्यातला एक व्यावसायिक बॉक्सर होता.

पण तिथे चाकू नव्हता, दुसरा हल्लेखोर नव्हता आणि खाली डांबरी रस्ताही नव्हता. रस्त्यावर प्रतिस्पर्ध्यासोबत जमिनीवर लोळणं म्हणजे त्याच्या साथीदाराच्या लाथेला डोकं देणं. सिमेंटवर आपटलेला माणूस जिवानिशी जाऊ शकतो, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३७ बचावासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करू देत नाही. माणसं जास्त असतील तर एक फटका मारून पळणंच बरं. तोही मुठीने नको. कवटीवर आवळलेली मूठ बसली की करंगळीच्या मागचं हाड मोडू शकतं. डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. तळव्याचा मनगटाजवळचा भाग जास्त भरवशाचा.

तीन महिन्यांत सगळं येत नाही. मग आधी पडायला शिकवा: हनुवटी छातीशी, हात जमिनीवर आपटून. नंतर मनगट, केस, गळा सोडवणं, खऱ्या जोराने धरणाऱ्या जोडीदारासोबत. मग पायात पाय अडकवून पाडण्याचा एकच डाव, आणि पाडल्यावर थेट पळ. फटके पॅडवर. शाळांना त्यासाठी गाद्या हव्यात, ज्यूदोच्या आणि कुस्तीच्या महिला प्रशिक्षक हव्यात. त्यांच्या मानधनाची तरतूद याच योजनेत झाली पाहिजे.